वर पाठवायची नोंद आणि जवळ ठेवायची नोंद

वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याच्या शिवारात डायनासोरच्या लेंड्या सापडतात, अर्थात दगड झालेल्या. एकोणिसाव्या शतकात नागपूरला राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून भूशास्त्राच्या लोकांना ही जागा ठाऊक आहे. १९३९ मध्ये चार्ल्स मॅटली यांनी या लेंड्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला. पुढे २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिले की पिसदुऱ्याच्या लेंड्यांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आहेत आणि तेही किमान पाच तऱ्हांच्या गवतांचे. गवताचा पसारा डायनासोर संपल्यानंतरचा, असे तोवर मानले जाई. चंद्रपूर जिल्ह्यातल्या शेणाने तो समज मोडला.

हिस्लॉपना किंवा मॅटलींना गवताचा प्रश्न पडलेला नव्हता. पण कोणता दगड कोणत्या गावाजवळ, कोणत्या थरात मिळाला, हे त्यांच्या पिढीने लिहून ठेवले. म्हणून नंतरच्या लोकांना त्याच जागी, त्याच लॅमेटा नावाच्या थरात, नवा प्रश्न घेऊन जाता आले. ठिकाणाची चिठ्ठी नसलेली लेंडी कितीही जुनी असली तरी टेबलावरचे कागद दाबायच्या कामाची.

संशोधनाची माहिती जन्मतःच पुन्हा वापरण्याजोगी असावी, हा विचार आता जगभर मान्य झाला आहे. २०१६ मध्ये ‘सायंटिफिक डेटा’ या नियतकालिकात त्याची चार सूत्रे प्रसिद्ध झाली, ती ‘फेअर’ या नावाने ओळखली जातात. माहिती सापडावी, मिळावी, दुसऱ्या माहितीशी जुळावी आणि पुन्हा वापरता यावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जानेवारी २०२३ पासून अनुदान मागणाऱ्या संशोधकांना डेटा कसा सांभाळणार नि वाटणार याची योजना आधीच द्यायला लावली. आपल्याकडे केंद्र सरकारचे डेटा-वाटपाचे धोरण २०१२ चे आहे. धोरणांची वाण नाही. पण ही सगळी चर्चा संगणकापासून सुरू होते आणि चंद्रपूर-गडचिरोलीत डेटा संगणकात जन्मत नाही. तो आरोग्यदूताच्या वहीत, वनरक्षकाच्या खिशातल्या डायरीत, तेंदूच्या फडीवरच्या चिठ्ठीत जन्मतो. तिथे जे सुटले ते पुढे कुठल्याही सर्व्हरवर भरून निघत नाही.

या दोन जिल्ह्यांत गेल्या चाळीसेक वर्षांत आरोग्य, वाघ, वनहक्क आणि जैवविविधता या विषयांवर अमाप नोंदी झाल्या. त्यातल्या काही दहा-दहा वर्षांनी नव्या प्रश्नांना उत्तरे देऊ शकल्या, बाकीच्या कपाटात राहिल्या. असे का, हे शोधायला गेले की पैसा, यंत्र, शिक्षण ही नेहमीची कारणे पुरी पडत नाहीत. मला दिसणारा फरक वेगळा आहे. लिहिणाऱ्यालाच उद्या लागणारी नोंद टिकते. फक्त वर पाठवायची नोंद पोचताक्षणी मरते.

सर्वांत ठळक पुरावा गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये इथे आले. नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा त्यांचा प्रयोग जगप्रसिद्ध आहे. ३९ गावांत काळजीची सोय, तुलनेसाठी ४७ गावे, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट. हे १९९९ च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पुढे २०११ मध्ये हीच पद्धत ‘आशा’मार्फत देशभर गेली. एवढे बहुतेकांना माहीत असते. त्यामागच्या वह्यांबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

उपचार सुरू करण्याआधी त्यांनी एक वर्ष फक्त पाहिले. १९९५-९६ मध्ये त्या ३९ गावांत गावातल्याच, थोड्या शिकलेल्या आरोग्यदूत स्त्रियांनी ७६३ बाळांना पहिल्या अठ्ठावीस दिवसांत पुन्हा पुन्हा घरी जाऊन तपासले. वजन, ताप, श्वासांची संख्या, दूध ओढते का, रडते कसे, नाळ कशी दिसते, सगळे कागदावर. दर पंधरवड्याला डॉक्टर गावात येऊन नोंदी ताडून पाहत. जन्म-मृत्यूची नोंद वेगळ्या वाटेने होई आणि सहा महिन्यांनी घरोघर फिरून पुन्हा पडताळली जाई, म्हणजे एकाच्या वहीतली चूक दुसऱ्याच्या वहीत उघडी पडे.

त्या वर्षी ७६३ पैकी ४० बाळे दगावली. ती कशाने गेली, हे ठरवले एका नवजात-तज्ज्ञाने, आरोग्यदूतांच्या नोंदी वाचून. निष्कर्ष निघाला की जंतुदोष वा न्यूमोनियाने २१, जन्मतः गुदमरल्याने ८, फार अपुऱ्या दिवसांची असल्याने ६. उरलेल्यांतले एक बाळ शरीर थंड पडल्याने गेले आणि चौघांचे कारण वेगळे किंवा अज्ञात. ही मांडणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे नोंद आणि तिचा असा वापर यांत जवळपास दहा वर्षे गेली. लगोलग त्याच नोंदींवर दुसरा प्रश्न टाकला गेला. एकच कारण न धरता, अनेक आजार एकत्र आले म्हणून किती मृत्यू झाले? तेच कागद आणि नवा हिशेब.

तिसरा वापर तर त्याहून बोलका. १९९६ ते २००३ मधल्या साडेतीन हजारांवर बाळांच्या नोंदींतून गावातच जंतुदोष ओळखायचे सोपे निकष बसवले गेले. सात लक्षणांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली तर उपचार करा किंवा दवाखान्यात पाठवा. दूध ओढणे कमी वा बंद, रडणे क्षीण, हातपाय ढिले, उलटी किंवा पोट फुगणे, छाती खोल आत ओढली जाणे, नाळेत जंतुदोष. आणि सातवे लक्षण म्हणजे बाळ हाताला गार लागते, असे आईने सांगणे. हे सातवे लक्षण जरा थांबून पाहण्यासारखे आहे. आरोग्यदूताच्या कागदावर आईच्या सांगण्याला स्वतःची जागा होती. ते कुणी ‘तापमान कमी’ असे सुधारून घेतले नव्हते. थर्मामीटरचा आकडा एका रकान्यात आणि आईचा हात दुसऱ्यात. म्हणून वर्षांनंतर तपासता आले की त्या हाताला काय किंमत आहे. आधीच दोन्हींचे मिळून एक निदान लिहून टाकले असते, तर हा शोध लागलाच नसता.

आरोग्यदूत इतके नेटके का लिहीत? प्रशिक्षण होते, देखरेख होती, हे खरेच. पण त्याहून मोठे कारण असे की परवा त्याच घरी जायचे होते. मागच्या वेळी वजन किती होते, श्वास किती होता, हे तिला स्वतःलाच हवे होते. वही तिच्या कामाचे हत्यार होती, अहवाल नंतर झाला.

याच संस्थेतले दुसरे उदाहरण उलट बाजूचे. लिहिता-वाचता न येणाऱ्या सुइणीलाही न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून ‘सर्च’ने श्वासमापक बनवला. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांची ओळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याला हात लागला तर न्यूमोनिया. निर्णयासाठी याहून सुंदर साधन मी तरी ऐकलेले नाही. पण नोंदीच्या नजरेने पाहिले तर मणी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत दोन महिन्यांखालच्या बाळाला मिनिटाला ६०, वर्षाच्या आतल्याला ५० आणि त्यापुढच्याला ४० श्वास अशी पायरी आहे. उद्या ती पायरी बदलली, तर श्वासांचा आकडा लिहिलेल्या नोंदी नव्या पायरीने पुन्हा मोजता येतील. नुसते ‘न्यूमोनिया – हो’ लिहिलेल्या कधीच मोजता येणार नाहीत. मूल वाचवायला मणी पुरतो, मागून येणाऱ्याला आकडा लागतो. दोन्ही हवे असेल तर आकडा लिहिणारा दुसरा हात त्याच क्षणी तिथे असावा लागतो.

चंद्रपूरच्या प्रदूषणाचे हेच झाले. २००९ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि शहर देशात चौथे आले. पुढे २०१६ मध्ये निर्देशांक काढायची रीतच बदलली. आता २००९ चे गुण आणि नंतरचे गुण शेजारी मांडून ‘सुधारले’ किंवा ‘बिघडले’ म्हणणे फसवे आहे. मूळ वाचने, म्हणजे कोणत्या केंद्रावर, कोणत्या तारखेला, हवेत धूळ किती, ही असली तरच दोन्ही वर्षे एका मापाने मोजता येतात. गुणांवर भाषणे झाली, वाचनांकडे कुणी फिरकले नाही.

आता जंगलात जाऊ. ताडोब्याचा वाघ आज देशातल्या सर्वाधिक नोंद झालेल्या प्राण्यांत मोडत असेल. पण पूर्वी, १९६० च्या दशकात ओडिशाच्या सरोजराज चौधरींनी घालून दिलेल्या रीतीप्रमाणे वाघ मोजायचे ते पावलांच्या ठशांवरून. वनरक्षक मागच्या डाव्या पायाचा ठसा काचेवरून गिरवून घेई, प्लास्टरचा साचा काढी. मग साहेब ठरवत, हा वाघ वेगळा की तोच. ठशाची रेघ माती ओली की कोरडी, वाघ चालत होता की धावत, गिरवणाऱ्याचा हात कसा, यावर बदले, आणि यातले काही कागदावर नसे. २००२ च्या गणनेत देशात ३,६४२ वाघ निघाले होते. २००५ मध्ये सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले आणि २००६ च्या नव्या पद्धतीने अंदाज आला १,४११. वाघ खरोखर किती घटले? या दोन आकड्यांवरून कधीच सांगता येणार नाही. जुन्या ठशांच्या थप्प्या आज नव्या पद्धतीने वाचता येत नाहीत. इतक्या माणसांची इतक्या वर्षांची पायपीट नव्या प्रश्नाला मुकी आहे.

कॅमेऱ्याच्या चित्राचे तसे नाही. प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे वेगळे. २०१० चे छायाचित्र आजच्या संगणकाने आजच्या वाघाशी ताडता येते. शिवाय कॅमेरा फक्त वाघच टिपत नाही. वाघांसाठी लावलेल्या त्याच कॅमेऱ्यांच्या आधारे २०१८ साठी देशातल्या बिबट्यांचा १२,८५२ हा अंदाज निघाला. २०२२ च्या गणनेत देशभर ३२ हजारांवर जागी कॅमेरे लागले, चार कोटी सत्तर लाखांवर चित्रे निघाली, त्यात वाघांची जेमतेम ९७ हजार. उरलेल्या कोट्यवधी चित्रांत अस्वल आहे, रानकुत्रा आहे, चौसिंगा आहे आणि कुणी अजून न विचारलेले प्रश्न आहेत.

मात्र ही सोय आपोआप होत नाही, आणि इथे बारीकसारीक गोष्टी फार महाग पडतात. वाघाची दोन्ही अंगे दिसायला पायवाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर कॅमेरे लागतात. नुसत्या उजव्या अंगाचे चित्र आणि नुसत्या डाव्या अंगाचे चित्र, यांवरून वाघ एक की दोन, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. सेल बदलताना घड्याळ मागे पडले तर पुढच्या सगळ्या चित्रांवर चुकीची तारीख. कार्ड नवे घातले की चित्रांचे क्रमांक पुन्हा एकपासून. दोन जागांची कार्डे एका पिशवीत गेली आणि पिशवीवर काही लिहिलेले नसले, तर वाघ आहे पण तो कुठे होता हे नाही. यावरचा इलाज फुकट आहे. कॅमेरा लावला की पाटीवर जागेचा क्रमांक नि तारीख लिहून तीच पाटी कॅमेऱ्यासमोर धरायची. पहिल्याच चित्रात त्या कार्डाची ओळख छापली जाते आणि मग कार्ड कुठेही गेले तरी आपले गाव सांगू शकते. या सगळ्या विषयातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत पक्के तंत्र हेच, असे माझे मत आहे.

वाघ वाढल्यावर, म्हणजे राज्यात २००६ मध्ये १०३ आणि २०२२ मध्ये ४४४ झाल्यावर, माणूस-वाघ संघर्षाच्या नोंदीही वाढल्या. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्यात माणूस मारला गेला की पंचनामा होतो. तो नुकसानभरपाईसाठी असतो आणि त्या कामापुरता चोख असतो. पण वाघ माणसाला नेमका कधी, कुठे, काय करताना गाठतो, हे विचारणाऱ्याला लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे वाकून तेंदू तोडत होती की उभी होती, एकटी होती की घोळक्यात, झुडूप किती अंतरावर, या त्यात सापडल्या तर नशीब. पंचनाम्यात असे तीन-चार रकाने वाढवायला कायदा बदलावा लागत नाही.

नावांचा गोंधळ हा या दोन जिल्ह्यांचा खास आजार आहे. ‘चांदा ते बांदा’ म्हणताना आपण ज्या चांद्याचे नाव घेतो, त्या जुन्या चांदा जिल्ह्यात आजचे गडचिरोलीही होते. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला. त्यामुळे १९८१ च्या जनगणनेतला ‘चंद्रपूर’ आणि १९९१ मधला ‘चंद्रपूर’ हे दोन निराळे प्रदेश आहेत. जंगल घटले की वाढले, पीक, हिवताप, साक्षरता यांपैकी कशाचीही लांब मालिका लावायला बसले की १९८२ ला ती तुटते. तालुक्यांचे आकडे जपलेले असतील तर पुन्हा सांधता येते. जिल्ह्याची बेरीज तेवढी ठेवली असेल तर खेळ संपला.

गावाच्या पातळीवर आणखी मौज. इथे एकाच नावाला माल, चक, तुकूम, रिठ अशी शेपटे लागून वेगवेगळी गावे होतात. रिठ म्हणजे उजाड झालेले गाव. माणूस नाही पण महसुली नोंदीत जिवंत. सर्वेक्षणाला आलेला विद्यार्थी शेपूट गाळून मूळ नाव तेवढे लिहितो आणि तीन गावांची माहिती एका गावाच्या अंगावर येते. आलापल्ली, अल्लापल्ली, आल्लापल्ली ही सगळी एकच, हे आपल्याला कळते, यंत्राला नाही. माडिया वस्त्यांची नावे मराठी कानाने ऐकून लिहिलेली असतात, ती लिहिणाऱ्यागणिक बदलतात. म्हणून गावाच्या नावाशेजारी जनगणनेचा किंवा स्थानिक शासन निर्देशिकेचा क्रमांक आणि जमलेच तर अक्षांश-रेखांश. एवढे आकडे लिहायला अर्धा मिनिट लागतो.

त्यात लिपीचे दुखणे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे मराठी टंकन श्रीलिपी, कृतीदेव अशा फाँटांत होई. त्या काळच्या फाइली आज उघडल्या तर पडद्यावर निव्वळ चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर आहे, पण शोधता येत नाही, दुसऱ्या तक्त्याशी जोडता येत नाही. युनिकोड आल्यावर हा प्रश्न सुटायला हवा होता. पण छपाईवाल्याला सवय जुन्या फाँटची, आणि अहवाल शेवटी छापायचाच असतो ना! मग युनिकोडमध्ये लिहिलेलेही परत जुन्या साच्यात जाते.

मापांचे एक उदाहरण पुरे. महाराष्ट्रात तेंदूचा पुडा ७० पानांचा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे सत्तर हजार पाने. सीमेपलीकडे छत्तीसगडात गड्डी ५० पानांची, गोणी पन्नास हजार पानांची. कोरची, धानोरा, एटापल्ली हे सगळे सीमेवरचे तालुके. दोन्हीकडच्या संकलनाची तुलना करणाऱ्याने ‘गोणी’ एवढाच शब्द पाहून बेरीज केली, तर त्याचे उत्तर कागदावर बरोबर आणि जंगलात चूक.

व्याख्येचे असेच. चंद्रपूरला १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली, २०२१ मध्ये ती उठली. बंदी यशस्वी की अयशस्वी, यावर दोन्ही बाजूंनी पोलिसांचे आकडे फेकले गेले. बंदी लागली की दारू बाळगणे हाच गुन्हा होतो, म्हणजे गुन्हे वाढणारच. प्रश्न होता पिणे किती घटले हा, आणि त्यासाठी बंदीच्या आधी नि नंतर एकाच रीतीने घरोघर विचारलेली माहिती लागते. पोलीस ठाण्याची डायरी त्यासाठी लिहिलेली नसते. दुसऱ्या कामाची माहिती आपल्या कामाला वापरणे म्हणजे पुनर्वापरच, पण ती मुळात कशासाठी गोळा केली होती, हे तिच्या कपाळावर लिहिलेले असावे.

आता लोकांनी स्वतः केलेल्या नोंदी. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत लोकजैवविविधता नोंदवही व्हावी असे ठरले. कल्पना माधव गाडगीळांच्या परिवारातली आणि मनापासून चांगली. आपल्या शिवारात काय उगवते, कोण वापरते, काय कमी होत चालले, हे गावाने स्वतः लिहायचे. वर्षानुवर्षे काम रेंगाळले. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि चुकणाऱ्या राज्यांना दरमहा दहा लाखांचा दंड सांगितला. बघता बघता देशातल्या नोंदवह्या काही हजारांवरून दोन लाखांच्या वर गेल्या. लवादाचा हेतू वाईट नव्हता. पण मुदतीसाठी भरलेली वही ही वर पाठवायच्या नोंदीचा अर्कच. एका गावाची यादी दुसऱ्या गावाला उतरली, मोहाच्या पुढे ‘भरपूर’ आणि बिब्याच्या पुढे ‘दुर्मिळ’ लिहून सही झाली, तर ते पकडणार कोण? मोह किती झाडे, कोणत्या पाणंदीला, फुले कोणत्या आठवड्यात पडू लागली, हे नसेल तर वीस वर्षांनी ‘भरपूर’ची तुलना कशाशी करायची?

याच्या उलट धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गाव आहे. मोहन हिराबाई हिरालाल यांची ‘वृक्षमित्र’ संस्था आणि देवाजी तोफा यांच्या साथीने तिथे अभ्यासगटांची रीत पडली. निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होतो, पण त्याआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घेतला जातो. बाहेरच्या कुणालाही गावात काही करायचे तर आधी ग्रामसभेला विचारावे लागते. मधमाश्या न मारता मध कसा काढायचा, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्या दिवसापासून बांबूची नोंद गावाच्या पोटाची नोंद झाली. कोणत्या कक्षातून किती तोडला, मजुरी किती, विकला किती, परत कधी जायचे, हे चुकले तर तोटा गावाचाच. वनखात्याकडेही कक्षवार इतिहासाच्या फाइली असतात आणि त्या चांगल्या ठेवलेल्या असल्या तर संशोधकाला खजिनाच. फरक असा की अधिकारी तीन वर्षांनी बदलतो आणि गाव बदलत नाही.

नोंदी खुल्या ठेवण्याचा आग्रह धरताना मात्र इथे हात आवरावा लागतो. वाघिणीच्या गुहेचा नेमका बिंदू जाहीर करणे म्हणजे शिकारी टोळ्यांना पत्ता देणे. २०२५ च्या जानेवारीत राजुऱ्यात झालेल्या शिकाऱ्यांच्या अटकांनी ती भीती काल्पनिक नाही हे पुन्हा दाखवले. कॅमेऱ्यात माणसेही येतात. मोह वेचणाऱ्या, सरपणाला गेलेल्या बायका. केंब्रिजच्या त्रिशांत सिमलाई यांनी २०२४ मध्ये कॉर्बेटबद्दल दाखवले की वाघांचे कॅमेरे तिथल्या बायकांवर पाळत ठेवायचे साधन बनले. ताडोब्याच्या बफरमध्ये गावेच गावे आहेत. माणसाची चित्रे पहिल्याच चाळणीत वेगळी काढून पुसायची, ही गोष्ट कॅमेरा लावण्यापूर्वी ठरायला हवी.

रक्ताचे तर फारच नाजूक. १ जुलै २०२३ ला देशात सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि गोंड, माडिया वस्त्यांत तपासण्या होऊ लागल्या. सिकलसेलचा कागद पोरीच्या लग्नापर्यंत जाऊन पोचतो, हे गावात कुणालाही विचारा. अमेरिकेत ॲरिझोनातल्या हवासुपाई जमातीकडून १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त घेतले गेले. तेच पुढे मनोविकारांच्या आणि स्थलांतराच्या संशोधनाला वापरले गेले. लोक कोर्टात गेले, २०१० मध्ये संशोधन करणाऱ्या विद्यापीठाला भरपाई द्यावी लागली, नमुने परत करावे लागले. रक्त शास्त्रीयदृष्ट्या उत्तम जपलेले होते, सापडत होते, वापरता येत होते. फक्त विचारलेले नव्हते. ‘फेअर’ला जोड म्हणून २०१९ मध्ये आदिवासी समूहांच्या डेटासाठी ‘केअर’ ही तत्त्वे आली ती अशाच अनुभवांतून. समूहाचा लाभ, नियंत्रणाचा हक्क, जबाबदारी, नीती. व्यवहारात याचा अर्थ इतकाच की संमतीच्या कागदावर प्रश्न दोन हवेत. आज याचा हा वापर करू का? आणि उद्या दुसऱ्या कामाला वापरू का, की तेव्हा पुन्हा विचारायला येऊ? दुसरा प्रश्न नंतर विचारता येत नाही. माणूस कामाला गेलेला असतो, संशोधक दुसऱ्या नोकरीत.

विद्यापीठांची बाजू थोडक्यात संपते, कारण सांगण्यासारखे थोडेच आहे. पीएच.डी.चे प्रबंध आता ‘शोधगंगे’वर जातात, ही मोठीच सोय. पण तक्ते पीडीएफमध्ये गोठलेले, कधी कागदावरून स्कॅन केलेले. तीनशे कुटुंबांची मूळ उत्तरे विद्यार्थ्याच्या पेन ड्राइव्हवर, आणि तो पेन ड्राइव्ह कुठे आहे हे त्यालाच ठाऊक. परीक्षकाने प्रबंधाबरोबर मूळ तक्ता आणि रकान्यांचा अर्थ सांगणारे एक पान मागितले, तर एका सत्रात चित्र पालटेल. नव्या वेबस्थळाची गरज नाही.

२०११ मध्ये गडचिरोलीत स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ या सगळ्याचे नैसर्गिक घर होऊ शकते. दोन्ही जिल्हे त्याच्याच कक्षेत येतात. गावांच्या नावांची आणि क्रमांकांची एक पक्की यादी, मापांचा तक्ता, १९८२ च्या आधीच्या तालुक्यांचा जोडकागद, जुन्या फाँटांतून युनिकोडमध्ये आणलेल्या फाइली, एवढे एका विभागाने करून ठेवले, तर पुढच्या प्रत्येक संशोधकाचे सहा महिने वाचतील. अडचण पैशाची कमी आणि पदाची जास्त आहे. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात गाडी असते, मानधन असते, टॅब असतात. नोंदी सांभाळणाऱ्या माणसाचा पगार कुठल्या शीर्षाखाली टाकायचा, हे लेखा विभागाला अजून माहीत नाही.

आणि प्रत ठेवायचीच तर पहिली ग्रामसभेकडे, दुसरी विद्यापीठाकडे, हा क्रम मी सोडणार नाही. ग्रामसभेची पेटी गळते, सचिव बदलतो, उंदीर कागद खातात, हे सगळे आक्षेप खरे आहेत, आणि म्हणूनच दुसरी प्रत आहे. पण पहिली प्रत गावात असली की तेंदूच्या लिलावाच्या दिवशी मागच्या तीन हंगामांचा भाव काढायला कुणीतरी ती उघडतो, एक आकडा चुकलेला सापडतो, भर सभेत वाद होतो आणि दुरुस्ती होते. विद्यापीठातल्या प्रतीत ती दुरुस्ती कशी पोचवायची, यावर मात्र अजून कुणी बसून विचार केलेला दिसत नाही.